ठिपका सासरचा, ओवी माहेरची

सत्तरी ओलांडलेली एक बाई जात्यावरची ओवी म्हणते. ऐकणारा ती टिपून घेतो. खाली तिचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहितो. पुढे कधीतरी ही नोंद संगणकावर चढते, गावाच्या नावावरून अक्षांश-रेखांश निघतात आणि महाराष्ट्राच्या नकाशावर एक ठिपका उमटतो. नकाशा पाहणारा म्हणतो, ही ओवी या गावची. पण बाई त्या गावात आली ती लग्न होऊन. ओवी ती शिकली माहेरी, पहाटेच्या अंधारात आईसमोर बसून, जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावता लावता. ते माहेर दोन तालुके पलीकडचं असेल, दुसऱ्या जिल्ह्यातलंही असेल. तिच्या आईनंही ती ओवी स्वतःच्या माहेराहूनच आणलेली असणार. नकाशावरचा ठिपका सासरचा आहे आणि ओवी माहेरची.

हे उदाहरण मुद्दाम आधी घेतलं, कारण मानव्यविद्यांच्या संशोधनात आज नकाशे, आलेख, पत्रव्यवहाराची जाळी, शब्दमेघ (जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा दाखवणारं चित्र) यांची जी लाट आली आहे तिच्याबद्दल बोलताना बहुतेक जण साधनांपासून सुरुवात करतात. कोणतं सॉफ्टवेअर, फुकट की विकत, शिकायला किती दिवस लागतात. मला त्याआधीच्या पायरीबद्दल बोलायचं आहे. चित्र ज्या तक्त्यावरून निघतं, त्या तक्त्यातला एकेक रकाना म्हणजे कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. ‘गाव’ हा रकाना एकच ठेवायचा की ‘माहेर’ आणि ‘सासर’ असे दोन, हे ठरवलं की अर्धं संशोधन तिथेच ठरून जातं. नंतर नकाशा कितीही देखणा काढला तरी तो त्या निर्णयापलीकडचं काही दाखवू शकत नाही.

मी या साधनांच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. ओव्यांचंच पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून पुण्याच्या संस्थेमार्फत आणि खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं. पुढे संगीताचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय साठा उभा केला, ध्वनिमुद्रणं केली. पॉइतवाँ २००४ साली गेले, त्यानंतर काही वर्षांनी राईरकरही गेल्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर या ओव्या लोकांसमोर येत आहेत. एक लाख ओव्या एक माणूस वाचू शकत नाही असं नाही, पण वाचून त्या सगळ्या एकाच वेळी मनात धरू शकत नाही. दोनशेव्या पानावरची ओवी वाचताना बाराव्या पानावरची तशीच ओवी आठवेल, दहा हजाराव्या पानावर मात्र आठवणार नाही. इथे यंत्राची मदत नाकारणं म्हणजे त्या बायकांच्या कष्टाला अर्धवट वाचून परत पाठवणं.

आणि चित्रातून काय हाती लागू शकेल, याचा विचार केला तर खरोखर मोह होतो. एकच ओवी एका गावात भावासाठी म्हटली जाते, दुसरीकडे लेकासाठी, तिसरीकडे तिच्यात पंढरीची वाट येते. शब्द थोडे हलतात, चाल बदलते. या रूपांना जोडणाऱ्या रेषा नकाशावर काढल्या तर कोणत्या भागातून कोणत्या भागात ओव्या गेल्या ते दिसेल. माझा अंदाज असा, की त्या रेषा सोयरिकीच्या वाटांवरून जातील. कोणत्या पट्ट्यातल्या मुली कोणत्या पट्ट्यात दिल्या जात, ही गोष्ट कागदोपत्री फार कमी सापडते. बायकांच्या हालचालीचा इतिहास आपल्याकडे दप्तरांत लिहिला गेला नाही, तो ओव्यांत साठला आहे. ओव्यांच्या रूपांचा नकाशा हा त्या इतिहासापर्यंत जाण्याचा एक खराखुरा मार्ग ठरू शकतो. पण तो निघेल कधी? माहेरचा रकाना असेल तेव्हाच. सासरच्या ठिपक्यांवरून काढलेला नकाशा पाहून आपण एखाद्या तालुक्याची ‘ओवीपरंपरा’ सांगत बसू आणि ती प्रत्यक्षात शेजारच्या चार तालुक्यांच्या लेकींनी आणलेली असेल.

दुसरी गोष्ट नकाशावरच्या कोऱ्या जागेची. राईरकर-पॉइतवाँ यांचं काम पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, मुळशी-मावळाकडे, तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या आणि बायकांच्या संघटनेच्या कामातून उगवलं. त्यामुळे अशा संग्रहाचे ठिपके कुठे दाट पडतील आणि कुठे विरळ, हे आधी कार्यकर्त्यांच्या पायवाटा ठरवतात, ओव्या नंतर. एखाद्या जिल्ह्यात ठिपकाच नाही, याचे दोन अर्थ होतात. तिथल्या बायका गात नव्हत्या, किंवा तिथे कुणी ऐकायला गेलं नाही. हे दोन्ही अर्थ नकाशावर एकाच पांढऱ्या रंगात दिसतात. वाचणाऱ्याचं मन मात्र पहिला अर्थ घेतं, कारण डोळ्याला रिकामं म्हणजे रिकामंच वाटतं. म्हणून मी हट्टानं म्हणतो, की ‘इथे कुणी गेलेलं नाही’ यासाठी नकाशात वेगळा रंग हवा. राखाडी म्हणा, तिरप्या रेघा म्हणा. तो रंग नसलेला नकाशा प्रबंधात स्वीकारू नये.

मराठीच्या बाबतीत तर चित्राच्याही आधी अक्षरातच घात होतो. शब्दमेघ काढणारं एक प्रचलित, फुकट मिळणारं साधन आहे. इंग्रजी मजकुरावर ते झकास चालतं. त्यात ओव्या घातल्या तर सुरुवातीला नुसते चौकोन दिसतात, कारण त्याच्यासोबत येणाऱ्या फाँटमध्ये देवनागरी नाही. फाँट बदलला की अक्षरं दिसू लागतात आणि काम झालं असं वाटतं. खरी गडबड त्यानंतरची आहे. त्या साधनाच्या मूळ नियमानुसार काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही ‘अक्षरं’ नव्हेत. तिथे तिथे ते शब्द तोडतं आणि उरलेल्या तुकड्यांतला एकाक्षरी तुकडा फेकून देतं. मग ‘विठ्ठल’चा ‘ठल’ होतो. ‘पंढरी’ची ‘ढर’ होते. ‘रुक्मिणी’, ‘सीता’, ‘बाई’, ‘जातं’ हे शब्द तर समूळ नाहीसे होतात, कारण त्यांच्यात दोन अक्षरं खुणेवाचून लागून येतच नाहीत. ‘दळण’ आणि ‘आई’ तेवढे शाबूत राहतात. अशा चित्रावरून कुणी ‘ओव्यांत रुक्मिणीचा उल्लेख नगण्य’ असं लिहिलं, तर तो निष्कर्ष बायकांबद्दलचा नाही, एका नियमाबद्दलचा आहे. हा नियम बदलता येतो, दोन ओळींचं काम आहे. पण तो बदलायचा आहे हे कळायला आपलं चित्र आपल्या मजकुराशी ताडून पाहण्याची सवय लागते, आणि ‘ठल’ हा शब्द डोळ्यांना खुपावा लागतो.

विभक्तीचं वेगळंच. माहेर, माहेराला, माहेरच्या, माहेरी हे संगणकाला चार शब्द. पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुणेकर हे आणखी चार. शब्दांच्या वारंवारितेचे आलेख काढताना मराठीत शब्दाचं मूळ रूप शोधण्याची पायरी टाळली तर सगळी मोजणी वाकडी होते. गावांच्या नावांचं तर विचारूच नका. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव किती जिल्ह्यांत आहेत! परदेशात तयार झालेली स्थळनामांची यादी यातलं एखादं निवडते आणि गुपचूप तिथे ठिपका ठेवते. गुपचूप हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. माणसाला शंका आली तर तो विचारतो, यंत्र विचारत नाही.

दप्तरांकडे वळू. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले. ही केवढी मोठी कामगिरी, हे वेगळं सांगायला नको. आज कुणी या खंडांतल्या पत्रांवरून अठराव्या शतकातल्या मराठी राजकारणाचं जाळं काढलं, म्हणजे माणूस एक बिंदू आणि पत्र एक रेषा, तर चित्र फार आकर्षक येईल. मोठे बिंदू, छोटे बिंदू, मधोमध दाट गुंता. पण ते जाळं अठराव्या शतकाचं किती आणि सरदेसायांच्या निवडीचं किती? त्यांनी राजकारणाला महत्त्व दिलं तर राजकारणाच्या रेषा दाट येणार. नाना फडणिसांचं मेणवलीचं दप्तर टिकलं, म्हणून नानांचा बिंदू फुगणार. ज्याचे कागद वाड्याच्या आगीत गेले, वाळवीनं खाल्ले किंवा वाटणीत भावकीत पांगले, तो मुत्सद्दी जाळ्याच्या कडेला एकटा लटकताना दिसेल. जगताना तो कदाचित मधोमध होता. बिंदूचा आकार माणसाचं वजन सांगतो आहे की त्याच्या कागदांचं नशीब, हे चित्राखाली लिहिलं नाही तर वाचणारा फसणारच.

सापडलेलं काय आणि अंदाजाचं काय हे वेगळं ठेवणं बाहेर कुणाला जमलेलं नाही, असं नाही. अटलांटिक गुलामव्यापाराच्या सफरींचा जो संगणकीय साठा अनेक देशांच्या इतिहासकारांनी मिळून उभा केला, त्यात सुमारे ३६,००० सफरींच्या नोंदी आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबलेली माणसं सुमारे १ कोटी २५ लाख आणि पलीकडे जिवंत उतरलेली सुमारे १ कोटी ७ लाख, हा अंदाज त्याच कामातून आला. त्या साठ्यात कागदावर सापडलेला आकडा आणि अभ्यासकांनी हिशेबानं भरलेला आकडा हे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवले आहेत. अंदाजांचं पानच वेगळं आहे. इतक्या भयंकर विषयावर, जिथे एकेका आकड्यामागे जीव आहे, तिथे ही शिस्त पाळली गेली. तरी त्या नोंदी मुळात जहाजमालकांच्या आणि बंदरांच्या आहेत, कोंबलेल्या माणसांच्या नाहीत, हे कोणताही रकाना भरून काढू शकत नाही.

पण मला जास्त बोलायचं आहे ते आपल्याच घरातल्या एका शिस्तीबद्दल, जिची आपल्याला आठवण राहिलेली नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्राची, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाची, जुळवाजुळव केली. स्वामी निघून गेल्यानंतर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, आठवणी गोळा करून. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि शिष्यांच्या पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. त्यामुळे आज हाती असलेल्या लीळाचरित्रात जागोजागी मतभेद नोंदलेले आहेत. अमुक शिष्याच्या आठवणीप्रमाणे असं, तमुकाच्या म्हणण्याप्रमाणे तसं. संपादन करणाऱ्यांना एकच गुळगुळीत कथा करून टाकता आली असती. त्यांनी केली नाही. ज्याची आठवण त्याच्या नावावर ठेवली. चौदाव्या शतकातली स्थानपोथी तर स्थळांसाठीच लिहिलेली आहे. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या बाजूला राहिले, दार कोणत्या दिशेला, हे त्यात बारकाईनं येतं. सातशे वर्षांपूर्वीचं हे आपलं स्थलसंशोधन.

आता कल्पना करा, की कुणी लीळाचरित्राचा नकाशा काढतो आहे. विषय सुंदर आहे, आणि तो निघावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पैठण, रिद्धपूर, लोणार, मेघंकर म्हणजे आजचं मेहकर, अशी गावं जोडत चक्रधरांच्या भ्रमंतीची रेषा निघेल. ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत. पूर्वार्ध-उत्तरार्धातल्या लीळांना शिष्य साक्षी होते, तिथे रेषा ठळक काढायला हरकत नाही. एकांकातली भ्रमंती एकट्याची आहे. तिथले प्रसंग नंतर सांगितल्यावरून लिहिलेले, त्यांचा क्रमही अनेकदा धूसर. पण नकाशाचं साधन दोन्हीकडे सारख्याच जाडीची लाल रेषा ओढून मोकळं होतं. आणि जिथे दोन शिष्यांच्या मते गाव वेगवेगळं आहे, तिथे काय करणार? तक्त्यात अक्षांशाचा रकाना एक, रेखांशाचा एक. दोन साक्षींना बसायला जागाच नाही. मग संशोधक त्यातली एक निवडतो, बहुतेक वेळा ज्या गावाचा शोध चटकन लागतो ती, आणि दुसरी साक्ष तिथल्या तिथे पुसली जाते. म्हाइंभटांच्या परंपरेनं सातशे वर्षं जपलेला मतभेद आपण एका दुपारी नाहीसा करतो, तोही अत्याधुनिक साधन वापरून. मला हे सहन होत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. नकाशात इतक्या शंका, तुटक रेषा, राखाडी भाग घातले तर तो सामान्य वाचकाला कळणार नाही, आणि संशोधन लेचंपेचं दिसेल. या आक्षेपाला शिलालेखांच्या अभ्यासकांनी केव्हाच उत्तर देऊन ठेवलं आहे. शिलालेखाचं किंवा ताम्रपटाचं वाचन छापताना संशयित अक्षर ते कंसात ठेवतात, झिजलेल्या जागी टिंबं देतात. कंस पाहून कुणीही म्हणत नाही की वाचणारा कच्चा आहे. उलट, ज्याच्या वाचनात एकही कंस नाही त्याच्याकडेच जाणकार संशयानं पाहतात. नकाशाला आणि जाळ्याला असे कंस हवेत, एवढंच माझं मागणं आहे. वाचकाला ते कळणार नाहीत, हे मला मान्य नाही. पंचांगातले क्षय तिथी आणि अधिक महिने समजून घेणाऱ्या समाजाला तुटक रेषा समजणार नाही, हे कशावरून ठरवलं?

दुसऱ्या बाजूनं जुन्या पठडीतले अभ्यासक म्हणतात, हे सगळं रंगीत खेळणं आहे, साहित्य-इतिहासाचं काम मोजमापानं होत नसतं. त्यांच्याशीही माझं पटत नाही. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आहत नाण्यांची, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांची, वजनं करून त्यांच्या झिजेवर संख्याशास्त्र लावलं आणि त्यांचा काळ ठरवण्याची वाट दाखवली. त्याच कोसंबींनी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवल्या, लहान दगडी हत्यारं वेचली, मातृदेवतांची ठाणी पाहिली आणि ती ठाणी, कार्ले-भाजे-बेडसेसारखी लेणी आणि घाटांतून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा यांचा संबंध लावला. मोजणारा माणूस आणि गुरवाशी, धनगराशी बोलणारा माणूस त्यांच्यात एकच होता. त्यांच्या काही निष्कर्षांशी वाद घालता येतो, पण वाद घालता येतो याचं कारण त्यांनी आपण कुठे गेलो आणि काय पाहिलं ते लिहून ठेवलं. वाटा माहीत असल्या तर आपणही चालून तपासू शकतो.

आता पैशाचा प्रश्न. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या रिद्धपूरला लीळाचरित्र आकाराला आलं, तिथेच मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. संशोधनाचे प्रकल्प येतील, आणि त्यांत ‘डिजिटल’ हा शब्द असलेल्यांना झुकतं माप मिळेल, हे समजायला ज्योतिषी नको. हा पैसा कशावर खर्च व्हावा? पडद्यावर फिरणाऱ्या नकाशांवर तो सहज खर्च होतो, कारण उद्घाटनाला काहीतरी दाखवता येतं. तक्ता दाखवता येत नाही. पण मोडी वाचून रुमालातला एकेक कागद नोंदवणारा, दोन पिंपळगावांतलं नेमकं कोणतं ते स्थानिक माणसाला विचारून ठरवणारा, पाठभेद शेजारी शेजारी ठेवणारा जो माणूस आहे, त्याचं काम हेच मुळातलं संशोधन आहे. आज त्याला ‘डेटा एंट्री’ म्हणतात आणि मानधन तासावर देतात. त्याचं नाव पहिल्या पानावर यायला हवं. काळजीपूर्वक केलेला, रकान्यांचे निर्णय समजावून सांगणारा तक्ता हा पीएच.डी.च्या प्रबंधाचा मुख्य भाग म्हणून मान्य व्हायला हवा, शेवटचं परिशिष्ट म्हणून नव्हे. आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या प्रत्येक नकाशासोबत त्याचा तक्ता देवनागरीत, कुणालाही उतरवून घेता येईल अशा रूपात, लोकांसमोर ठेवण्याची सक्ती असायला हवी. मेहकरच्या शाळेतल्या शिक्षकाला आपल्या गावावरचा ठिपका चुकीच्या ओढ्याकाठी पडलेला दिसला, तर तो दुरुस्त करण्याची वाट त्याला मिळाली पाहिजे.

ओव्यांच्या बाबतीत वेळ फार थोडा आहे. मराठी लोकगीतांच्या अनेक जुन्या छापील संग्रहांत गाणारीचं नावही नाही, माहेर तर दूरच राहिलं. ते गेलं ते गेलं. पण १९८०-९०च्या दशकांत ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या, त्यांच्यातल्या काही अजून आहेत. ज्या नाहीत, त्यांच्या लेकी-सुना आहेत, आणि आपल्या आईचं माहेर, आजोळाचं गाव कोणती लेक विसरते? पदव्युत्तर वर्गातल्या वीस मुलामुलींना एका उन्हाळ्यात पाठवलं, हातात गाणाऱ्यांची यादी आणि एकच प्रश्न दिला, तर कितीतरी ओव्यांचा दुसरा ठिपका भरून निघेल. ‘तुमच्या आईचं माहेर कुठलं, आणि ही ओवी तिला कुणी शिकवली?’ उत्तरात दोन गावं आली तर दोन्ही लिहायची.